पेडल खाली गेलं होतं

"त्या पान्यावर उभं राहू नका हो. घसराल."

कासवकाकांनी ऐकलं नाही. चाकाच्या नटात अडकवलेल्या पान्यावर ते दोन्ही पायांनी चढले, एकदा अंग खाली सोडलं, आणि नट कर्रकन सुटला.

"घसरलो?"

"एक नट सुटला. अजून चार आहेत," काकू म्हणाल्या.

रोपवाटिकेच्या आवारात पिकअप आठ दिवस उभी होती, बंपर मधोमध दबलेला. काकू रोपं वाढवायच्या, काका ती गिऱ्हाइकांकडे पोचवायचे. सव्वीस वर्षं असंच चाललं होतं. काकांनी काटा कधी चाळीसच्या वर नेला नाही, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांचं नाव कासवकाका पाडलं होतं. त्या कासवाने गेल्या आठवड्यात एका शाळेचं लोखंडी फाटक आडवं केलं.

"पेडल खाली गेलं," असं ते तिथेही म्हणाले, घरीही म्हणाले. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मुलगा मात्र स्पष्ट बोलला, "बाबा, ब्रेकला काही झालं नाही. तुमचा पाय पोचला नाही. या वयात होतं असं. विकून टाकू गाडी." आज चार वाजता तो गाडी घेणाऱ्या माणसाला घेऊन येणार होता.

पुढच्या चाकांना दगड लावून झाले होते. काकांनी जॅक चढवला, एक्सलखाली स्टँड सरकवला आणि मागचं चाक ओढून काढलं. चाकाची आतली बाजू ओली होती. त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला.

"इकडे ये. हात लाव."

ब्रेक ऑइल होतं. चाकामागच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा लोखंडी कॅलिपर आतून गळत होता. त्याच्या पिस्टनभोवतीचं रबर फाटलं होतं.

"आता विचार पोराला, पाय कुणाचा गेला ते."

"मला का ऐकवताय? मी कधी म्हटलं, तुमची चूक आहे म्हणून?"

"चूक नाही, असंही कधी म्हटलं नाहीस."

काकूंनी हात फडक्याला पुसले. मग जुना कॅलिपर पिशवीत घालून त्या दुकानात गेल्या आणि त्याच्या जोडीचा नवा घेऊन आल्या.

काकांनी त्यांना मदत करू दिली नाही. "पोरगा म्हणेल, आईनेच केलं." नवा कॅलिपर बसवून झाला, ऑइलची नळी जोडून झाली. राहिली नळीत अडकलेली हवा. ती काढायला खरं तर दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. काकांनी कॅलिपरची हवा सोडायची बारीक तोटी, निपल, सैल केली, तिला प्लॅस्टिकची नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये सोडलं, आणि एकट्यानेच केबिनमध्ये चढायला-उतरायला लागले. ऑइलने चप्पल घसरत होती, ती त्यांनी काढून टाकली. नवव्या खेपेला निपल आवळला आणि सीटवर बसून पेडल दाबलं.

"दगडासारखं झालंय. बसून बघ."

काकू बसल्या. ओल्या मातीत पाय रुतावा तसं पेडल अर्ध्यापर्यंत खाली गेलं.

"मऊ आहे हे."

"काहीतरीच. सरक." ते पुन्हा बसले, दाबलं. "कडक आहे."

पेडल किती खाली जातंय ते बघायला काकू वाकल्या. रबरी मॅटवर लाल ठिपके होते. काकांच्या टाचेत जुन्या पॅडची पत्र्याची क्लिप रुतली होती. काकूंनी ती चिमटीत धरून ओढून काढली. काका काचेतून समोर बघत होते.

"काय करतेयस खाली?"

काकूंनी क्लिप त्यांच्या तळहातावर ठेवली. काकांनी ती पाहिली, मग टाच पाहिली.

"कधीपासून कळत नाही पायाला?" काकूंनी विचारलं.

"वर्ष झालं. बोटांपासून सुरू झालं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू पोराला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

काकांनी क्लिप डॅशबोर्डवर ठेवली.

"पण त्या दिवशी पेडल खाली गेलं होतं," काका म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या. "गेलं होतं."

टाच धुऊन त्यांनी पट्टी बांधली. "आता उतरा आणि निपलपाशी बसा. पाय माझा."

बाटलीपाशी बसल्यावर काकांना दिसलं. नळीचं टोक ऑइलच्या वर आलं होतं, आणि पेडल सुटलं की तिथूनच हवा परत आत जात होती.

"दाब."

"दाबलं."

"सोडू नकोस. धर... धर... हां, सोड. आता?"

"अजून मऊच."

टाकीत ऑइल भरत, दाबत, सोडत अर्धा तास गेला. बुडबुडे बारीक झाले, मग थांबले.

"आता?"

"आता अडलं. पुढे जातच नाही."

काकांनी निपल आवळला आणि चाक चढवलं.

चार वाजता मुलगा आला, मागोमाग गाडी घेणारा. काकांनी जुना कॅलिपर मुलाच्या हातात दिला. ऑइल त्याच्या बोटांना लागलं. फाटलेल्या रबराकडे तो बघत राहिला.

"बाबा, मला वाटलं..."

"तुला वाटलं ते तू चार ठिकाणी बोललास. आता हे त्याच चार ठिकाणी जाऊन बोल." काका थांबले. "माझ्या पायातली जाणीवही गेलीय. ते खरं आहे. पण ते तुला आत्ता माझ्याकडून कळतंय. त्या दिवशी तुला माहीत नव्हतं."

"मग गाडीचं काय करायचं?" गाडी घेणाऱ्याने विचारलं.

"विकायची नाही. मी चालवते," काकू म्हणाल्या.

"आई, तू? तू तर फक्त आवारात चालवतेस."

"लायसन्स काय आवारापुरतं दिलंय मला? आधी गल्लीत दहा वेळा थांबवून बघते. तुझी मोटारसायकल बाजूला घे, वाटेत आहे."

मुलाने मोटारसायकल बाजूला घेतली.

काकूंनी इंजिन चालू केलं. काका गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराने चढले. दार लावलं. सीटच्या पट्ट्यासाठी त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्यावर गेला, पण त्या खांद्याशी पट्टा नव्हता. हात तिथेच थोडा वेळ चाचपडला, मग दुसऱ्या बाजूला गेला.

काकू समोर बघत थांबल्या होत्या, पाय ब्रेकवर.