उलटा 'म'

"बोला, भूमीनाथ महाराज की जय!"

वरवट बकालच्या शिवारात दोनशे माणसं एका सुरात ओरडली. महाराजांनी तांब्यातलं पाणी करड्या शिळेवर ओतलं. शिळा भिजून काळीभोर झाली आणि तिच्यावर पांढुरकी अक्षरं उमटली. बायकांनी हात जोडले. उन्हानं शिळा वाळली, तशी अक्षरं पुन्हा गडप!

"दो हजार साल पुरानी लिपी है!" महाराज गरजले. "धरतीमाय तहानली असन त बोलन कशी? पहले पानी पाजा, मंग आयका!"

या गर्दीत सर्वांत पुढं, गुडघे टेकून, खामगावच्या कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक अश्वजित बसले होते. खरं तर सर पक्के बुद्धिवादी. रोज तीन वर्तमानपत्रं वाचायची आणि कुठल्याही जिल्ह्यात बुवा पकडला गेला की संपादकांना खरमरीत पत्र पाठवायचं, हा त्यांचा नेम. पण शिलालेख म्हटला की सरांची बुद्धी पातळ व्हायची. वीस वर्षं टेकाडं तुडवून त्यांना खापरांचे चार तुकडे तेवढे मिळाले होते, आणि परिषदेत त्यांचा निबंध नेहमी जेवणानंतर, श्रोते डुलक्या घेत असताना यायचा.

आता मात्र साक्षात ब्राह्मी! महिन्यापूर्वी पहिल्यांदा आले तेव्हाच सरांनी वाचलं होतं, 'भुमि दान'. पाण्यानं अक्षरं का उमटतात? "चमत्कार नाही, दगडातले क्षार," असं सरांनी शास्त्राच्या नावानं ठोकून दिलं. 'म' पालथा का? "वऱ्हाडी ब्राह्मीचं वैशिष्ट्य!" त्या पालथ्या 'म'वरचा निबंध नागपूरच्या परिषदेनं स्वीकारलाही होता.

शेत होतं भिमाबाईचं, दोन एकर. एकटीच्या बळावर कसलेलं. महाराजांचं म्हणणं, ही जमीन पुराणकाळीच साधूंना दान झालेली, इथं मठ व्हावा. कारभारी नावाचे गावचे माजी सरपंच दानाचा कागद घेऊनच आले होते.

"सर, तुमी लेख खरा हाय म्हणून लिहून द्या. मंग भिमाबाई अंगठा देते."

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, मले कोनी इचारलंच नाही," मागून भिमाबाई म्हणाली. "तीस वर्सं ह्या दगडावर बसून भाकर खाल्ली म्या. दरसाल पावसात भिजते हा. एक अक्षर कवा दिसलं नाही. औंदाच काऊन दिसून राह्यलं?"

सरांचं पेन थबकलं. जगभरचे पुरावे धुंडाळणाऱ्या या माणसाला जागेवरच्या साक्षीदाराला विचारायचं सुचलं नव्हतं.

"अन् हे पाहा," ती शिळेपाशी वाकली. "पानी अक्षरांवरून घसरते. तव्याले तेलाचा हात लागला का असंच होते."

"हाथ मत लगाओ! भस्म हो जाओगी!" महाराज किंचाळले.

"तीस वर्सांत झाली नाही, आता काय होतो?" म्हणत तिनं नखानं खरवडलं. नखात पांढरं आलं. सरांनी ते चिमटीत चोळून पाहिलं. मेणबत्तीचं मेण!

मेण लावलेल्या जागी दगड पाणी पीत नाही. बाकी शिळा भिजून काळी होते, तेवढी अक्षरं कोरडी, फिकी राहतात. सरांनी शेजारच्या टपरीवरून चहाची किटली भरून उकळतं पाणी आणवलं आणि शिळेवर ओतलं. मेणाचा पातळ तवंग वाहून गेला. पुन्हा गार पाणी ओतलं, तर सगळी शिळा सारखी काळी. 'भुमि' नाही, 'दान' नाही.

लोक महाराजांकडे वळले. महाराज मोटारसायकलकडे वळले होते.

"थांबा! हा ब्राह्मी शिकला कुठं?" महाराजांची वाट अडवत कारभारींनी विचारलं.

पालथा 'म' आठवला आणि उत्तर सरांना उमगलं. ते गिळून टाकणं अगदी सोपं होतं. त्यांचे कान तापले.

"माझ्याकडून," सर म्हणाले. "विद्यार्थ्यांसाठी मी एक पुस्तिका काढली होती. छापताना 'म' उलटा छापला गेला आणि मी तो दुरुस्तही केला नाही. यानं माझीच चूक जशीच्या तशी दगडावर उतरवली, आणि मी तिलाच वऱ्हाडी वैशिष्ट्य म्हणालो!"

त्यावर असा हशा पिकला की कारभारींनाही आवरेना. हसता हसता त्यांनी दानाचा कागद फाडला.

पुढच्या आठवड्यात सरांनी नागपूरला नवा निबंध वाचला, 'मी कसा फसलो'. यावेळी कुणीही डुलकी घेतली नाही. शेवटी ते म्हणाले,

"मित्रहो, मी अडाणी म्हणून फसलो नाही. ती गोष्ट खरी असावी असं मला फार वाटत होतं, म्हणून फसलो. चमत्कार पाहिलात तर हात जोडण्याआधी हात लावून पाहा. प्रश्न विचारा. आणि उत्तर आपल्याला फार गोड लागलं, तर तोच प्रश्न पुन्हा एकदा, दुसऱ्या कुणाला तरी विचारा."