देवचाफ्यातला केस

झऱ्याच्या देवीपुढे उदबत्ती लावून मी चनांगातलं फूल उचललं आणि बोटांना तेल लागलं.

चनांग म्हणजे झावळीच्या पात्याची इवलीशी परडी, तीत फुलं आणि वर चिमूटभर भात. जन्मभर रोज वाहते आहे. देवाच्या फुलाला दव लागतं, फार तर मुंगी. तेल कधी लागलं नव्हतं. फूल नाकाजवळ नेलं. खोबरेल आणि गवती चहा! आमच्या मसाजच्या खोलीत दिवसभर माझ्या हातांना येतो तोच वास. मग दिसलं, देवचाफ्याच्या देठाला लांबलचक सोनेरी केस गुंडाळलेला होता.

आमच्या अख्ख्या गावात सोनेरी केसांचं कोणी नाही. असे केस फक्त पाहुण्यांचे असतात, वरच्या स्पामध्ये माझ्यापुढे पालथ्या पडलेल्या पाहुण्यांचे.

मंत्र अर्धाच राहिला. तसं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

माझी लेक पुतू त्याच स्पात काउंटरवर बसते. दोनदा तिचं पोट रिकामं झालं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी या देवीला नवस बोलले: मूल हातात येईपर्यंत रोज सकाळी कामाआधी तुला कोरं फूल वाहीन. घरच्या देवांचं सगळं माझ्या हातचं असतं. झऱ्यासाठी मात्र पायऱ्यांच्या तोंडाशी स्पाची फुलंपूजा बघणारी सुकर्ती, आमची सगळ्यांची म्बोक, म्हणजे ताई, विणून ठेवते त्या ढिगातलं चनांग घ्यायचे. स्पातल्या सगळ्याच बायका तिथलंच घेतात. आता पुतूला सहावा महिना होता.

म्बोक सुकर्ती धुण्याच्या खोलीमागे बसली होती. तिच्यापुढे सुपात ओला देवचाफा पसरला होता, शेजारी टबावरची जाळी निथळत होती.

"म्बोक, ही फुलं कुठली?"

"झाडाची," ती म्हणाली. "का, तुझ्याकडे दगडाला येतात?"

मी केस तिच्यापुढे धरला. तिच्या हातातलं पातं थांबलं.

"अगं बाई! चार पाण्यांतून काढते मी. तरी राहिलाच का मेला?"

"म्हणजे टबातली?" मी विचारलं. "पाहुणे बसतात त्या पाण्यातली?"

"माझ्यावर डोळे काढू नकोस, नेंगा. मी हात जोडून सांगितलं होतं, हे पाप माझ्या हातून करवू नका. सणापासून फुलं महागली, मालकाने टबापुरतीच मागवायची म्हणून कळवलं. मग देवाला काय वाहू, माझं डोकं? तर म्हणे, टबातली धुऊन घ्या, पाणी तर देवीच्याच झऱ्याचं आहे. जा, विचार तुझ्या लेकीला."

"पुतूला?"

"इथे दुसरं कोण हुकूम सोडतं?"

काउंटरपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. पुतू कुणा बाईला हसून फोनवर सांगत होती, हो, फुलांची आंघोळ आहे, सूर्यास्ताची वेळ देते. माझा चेहरा बघून तिने फोन ठेवला.

"मेमे? बरं नाहीये का?"

"टबातली फुलं देवाला तू वाहायला लावलीस?"

ती आधी लाल झाली, मग तिने मान वर केली. "मग काय करायचं होतं? टबात फुलं कमी पडली की पाहुणा फोटो काढून जगाला दाखवतो. देव तर फोटो काढत नाही ना! आणि हे सगळं स्पाच्या देवळ्यांसाठी गं, लिफ्टपाशी, पार्किंगपाशी. तुझ्या नवसाचं तू घरून नेतेस."

"मी सुकर्तीच्या ढिगातलं नेते, पुतू. रोज."

तिचा हात आपोआप पोटावर गेला. "माझ्यासाठीचं?"

"हो, बाळा."

तोंडाचा रंगच उडाला तिच्या. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. "मग आत्ता जा ना. तू माफी माग. गुपचूप. देवीला ऐकू येतंच की."

"अपराधाची पूजा पुजाऱ्याशिवाय, मंकूंशिवाय होत नाही."

"मंकूंना सांगितलंस तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल! मालक मला ठेवतील? नवरा सहा-सहा महिने जहाजावर, घर कोण चालवेल?" मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "मेमे, ह्यालाही काही झालं तर?"

मी तिच्याशी भांडायला आले होते. पण ते ऐकून मी तिच्या खुर्चीशेजारी बसले. शेवटी तिनेच पर्स उचलली. "चल," म्हणाली, "माझा विचार बदलायच्या आत."

आमच्या देवळाचे पुजारी, जेरो मंकू, अंगणात मांडी घालून आपल्या लढाऊ कोंबड्याचे पाय चोळत होते. मान वर न करताच म्हणाले, "या, नेंगा. तुमच्याइतका हात हलका नाही माझा, पण हा तक्रार करत नाही."

मी तोंड उघडायच्या आत पुतूने सगळं सांगून टाकलं. एक शब्दही गाळला नाही, सुकर्तीवर काही ढकललं नाही.

मंकूंचे हात थांबले.

"त्या पाण्यात बसतात, ते उघडे?"

"कागदी लंगोट असतो, जेरो," पुतू पुटपुटली.

"कागदी!" मंकू म्हणाले. कोंबडा त्यांच्या मांडीवरून उतरून चालू पडला तरी त्यांना कळलं नाही. पन्नास वर्षं पूजा करणारा माणूस, मी त्यांना असं तोंड उघडं टाकून बसलेलं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसले. रडत होते की काय, मला विचारायचं धाडस झालं नाही.

"उद्या सकाळी झऱ्यावर माफीची पूजा. सगळ्यांनी यायचं," ते म्हणाले. "आणि उद्या तुमच्याकडे जी फुलं येतील ती आधी देवीची. सगळी. आईचा नवस झाला तेवढा झाला, पोरी. इथून पुढचा तुझा."

"उद्या मधुचंद्राची जोडपी आहेत, जेरो. आंघोळीचे पैसे भरलेत त्यांनी."

मंकू कोंबड्यामागे गेले.

रात्रभर मला वाटत राहिलं, पोरगी अर्धी फुलं ठेवून घेईल. मीही तिला अर्धी ठेव असंच सांगणार होते, देवी क्षमा करो. सकाळी फुलांची गाडी आली. पुतूने पहिली टोपली स्वतः उचलली, पोट सांभाळत पायऱ्या उतरली आणि वर ओरडली, "म्बोक, बघताय काय? बाकीच्या आणा!"

"सगळ्या?" सुकर्ती किंचाळली.

"सगळ्या!"

मी नुसती उभी होते. ही माझी पुतू, जी पाहुण्याने भुवई उंचावली तरी तीनदा सॉरी म्हणते.

झऱ्याचा कठडा फुलांखाली दिसेनासा झाला. मंकूंनी तीर्थ शिंपडलं. पुतू ओल्या दगडावर गुडघे टेकून बसली होती. ओठ हलत होते, पण काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि तो नवस तिचा होता.

वर आलो तर फोन वाजत होता. जकार्ताहून मालक.

"हो सर," पुतू म्हणत होती. "नाही सर, टबात नुसतं पाणी. हो, सगळी वाहिली. मीच सांगितलं." मग बराच वेळ ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा बाहीने कपाळ पुसलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"शनिवारी येतायत."

"आणि?"

"आणि काय ते शनिवारी सांगतील."

"झालं," सुकर्ती म्हणाली, "शनिवारपासून आपण तिघी बाजारात भाजी विकणार. नेंगा, तुला हाक मारता येते का मोठ्याने? नाही ना? मग तू वजन कर."

पुतू हसली नाही. दारातून एक तरुण जोडपं आत येत होतं, मुलीच्या पाठीवर सोनेरी केस मोकळे सोडलेले. पुतू उठून त्यांच्या पुढे गेली, हात जोडले आणि स्वच्छ सांगितलं, की आज आंघोळीला फुलं मिळणार नाहीत, आणि नको असेल तर पैसे परत. मुलगी मान डोलावून चपला काढू लागली. मग पुतू मागे वळून मला म्हणाली, "मेमे, तेल गरम कर."