ओठ दिसले पाहिजेत

“आवाज बंद करून दाखवा,” मुरलीकृष्ण तामिळमध्ये म्हणाले.

काउंटरमागची सौम्या गोंधळली. “सार, याचा माइकच तर भारी आहे.”

“आवाज नको. ओठ दिसले पाहिजेत.”

तंजावरच्या त्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ते बायको भुवनेश्वरी आणि मुलगी विनुता यांना घेऊन आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता. विनुता जन्मापासून बहिरी. घरी बसून ब्लाउज शिवायची. तामिळ तिला लिहितावाचता येई, पण बोलणं कळे ते फक्त आईच्या ओठांवरून, तेही घरच्या तंजावरी मराठीत. बापाला तिच्यासमोर बसून, तोंड उघडून बोलायची सवय कधी लागलीच नाही. सगळं आईमार्फत.

आता भुवनेश्वरीच्या तोंडात कॅन्सर निघाला होता. पुढच्या आठवड्यात तिरुच्चीला अर्धा जबडा आणि जिभेचा भाग काढायचा होता.

तिचं बोलणं मुलीसाठी मोबाइलवर टिपून पाहिलं होतं. मोबाइल चेहरा गुळगुळीत करून टाकायचा. ओठांची कड पुसली जायची आणि तोंडात नुसता काळोख.

हे त्यांच्याकडून ऐकल्यावर सौम्याने झूम, चार-के वगैरे बोलणं थांबवलं. मागचे काही दिवे घालवले. “घरात एवढाच उजेड असेल ना?”

भुवनेश्वरी स्टुलावर बसली आणि गालावर धरलेला पदर तिने खाली घेतला. विनुता आईकडे पाठ करून कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीसमोर उभी राहिली. पहिल्या कॅमेऱ्यात चेहरा छान उजळ दिसत होता; विनुताने मान हलवली, नाही. दुसऱ्यात जीभ दिसेना. तिसरा जरा जड, मोठ्या भिंगाचा. या वेळी भुवनेश्वरी आवाज न काढता बोलली, “मी नसले तर अप्पांवर रागवू नक्को. त्यांना तुजशी बोलायला येत नाही. तूच शिकव.”

विनुता पडद्याकडे बघत राहिली. मग तिच्या त्या जड, सपाट आवाजात म्हणाली, “हा. हाच.”

“काय म्हटलीस ग तिला?” मुरलीकृष्णांनी विचारलं.

“तिला कळलं कीं. बास.”

नंतरचे दिवस भुवनेश्वरी सकाळच्या उजेडात अंगणात बसून कॅमेऱ्यापुढे बोलायची. तापात काय द्यायचं, पापनाशमला राहणाऱ्या आत्याशी कसं वागायचं, कोणत्या शेजारणीला घरात घ्यायचं नाही. दुखायला लागलं की थांबायची, पाणी प्यायची. शेवटच्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ती नुसती “विनुता, विनुता” म्हणत राहिली. मुरलीकृष्णांनी कॅमेरा बंद केला नाही.

शस्त्रक्रिया झाली. भुवनेश्वरी वाचली. घरी आली तेव्हा चेहऱ्याची एक बाजू आत ओढली गेली होती, ओठ वाकडे होऊन घट्ट आवळले होते आणि पोटात नळी होती.

एका दुपारी ती आत पडली असताना बाहेरून तिचाच आवाज आला. विनुता टीव्हीवर तिला बघत होती. आवाज चालू आहे हे विनुताला कळण्याचा प्रश्नच नव्हता. भुवनेश्वरी भिंतीला धरत दारापर्यंत आली. पडद्यावर ती धडधाकट बसली होती आणि आपल्या मुलीला रागावत होती, वेळेवर जेवत नाहीस म्हणून.

मुरलीकृष्ण घाईने रिमोट शोधू लागले. तिने हातानेच त्यांना थांबवलं आणि जाऊन विनुतासमोर जमिनीवर बसली.

विनुताने टीव्ही बंद केला.

भुवनेश्वरी बोलू लागली. ओठ एका बाजूने थरथरले, लाळ हनुवटीवर आली. ती पुसून तिने पुन्हा सुरुवात केली. बराच वेळ बोलली. विनुता तिच्या तोंडावरची नजर न हलवता बघत होती.

बोलणं संपलं. विनुताला त्यातलं एक अक्षरही कळलं नव्हतं. तिने मान डोलावली, “हो” म्हणाली, आणि भुवनेश्वरीनेही तिच्याकडे नीट पाहून मान डोलावली.