दीड हाताचा पत्ता

मंदिराची वीस वर्षांची जुनी वेबसाइट बंद होणार होती. मंडळाचे अध्यक्ष को-काका, वय अठ्ठ्याहत्तर, कचेरीतल्या यू-चेनला म्हणाले, "बंद करायच्या आधी त्यातले पत्ते तेवढे काढून दे गं."

पानं दोनशे. हाताने कोण काढणार? यू-चेनने शोधाचा नमुना लिहिला, रेग्युलर एक्सप्रेशन: लिंकेच्या आधी येणारं href दिसलं की एका अवतरणचिन्हापासून दुसऱ्यापर्यंतचं सगळं उचल. तीनशे अकरा पत्ते निघाले. यादी छापून तिने काकांच्या टेबलावर ठेवली आणि जेवायला गेली.

तीन दिवसांनी पाहते तर काका कुंचल्याने पाकिटांवर तेच पत्ते लिहीत बसलेले. मंदिरातल्या माझूदेवीच्या, म्हणजे समुद्राच्या देवीच्या, वाढदिवसाची आमंत्रणं.

"काका, हे घरांचे पत्ते नाहीत. इंटरनेटवरचे आहेत."

"सगळे एकाच वस्तीतले दिसतात, सुरुवात सारखीच आहे. हा एक मात्र फार लांब राहतो."

त्या पाकिटाला त्यांनी दीड हात कागदाची शेपटी चिकटवली होती. यू-चेनच्या लक्षात आलं. एका पानावर चाळीस दुकानांच्या लिंका एकाच ओळीत होत्या, आणि तिचा हावरट नमुना पहिल्या अवतरणचिन्हापासून थेट शेवटच्यापर्यंत सगळं गिळून बसला होता. लगेचच्या अवतरणचिन्हाशी थांबावं म्हणून तिने नमुन्यात एक प्रश्नचिन्ह घातलं आणि काकांना चूक सांगितली.

"म्हणजे तिथे चाळीस जण राहतात," काका म्हणाले. "आणखी एकोणचाळीस पाकिटं आण."

शेवटी तिने काकांना देवीला कौल लावायला लावला. कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा 'पाठवा' अशाच पडल्या. टपालवाली शिऊ-मेई पोतं उचलत म्हणाली, "देवीच म्हणते, तर मी कोण नाही म्हणणारी?"

आठवड्याभरात सगळी पाकिटं परत आली, शेपटीवालं सोडून. ते हातात घेऊन वाढदिवसाला एक म्हातारे गृहस्थ हजर झाले. च्वांग, चियाई शहरात माशांच्या गोळ्यांचं दुकान. नमुन्याने लिंकांमधला मजकूरही, म्हणजे दुकानांची नावं आणि खरे पत्ते, गिळला होता. शिऊ-मेईने अख्खी शेपटी वाचली, तेव्हा त्यात पहिली धड गल्ली सापडली ती यांची.

यू-चेनने त्यांना आदराने टेबलाशी बसवलं. च्वांग इकडेतिकडे बघत राहिले.

"बाकीचे एकोणचाळीस कुठायत? पाकिटावर नावं आहेत. मी सगळ्यांपुरते गोळे आणलेत."

यू-चेनने त्यांच्या गोळ्यांच्या पातेल्याचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं, आणि माणसं गोळा करायला शेजारच्या गल्लीत गेली.