पाठमोरे

रंगाऱ्याने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला, काठावर निपटून घेतला आणि न वळता विचारलं, "पुढचं?"

*

नारिंगी जाकीट, पाठीवर आकडा बारा. मुलगी वर्षातून एकदा ते वेगळं भिजवते, कारण त्याचा रंग जातो, आणि दरवर्षी विचारते, "बाबा, टाकून देऊ का आता?"

*

सगळे उठले की जो उठत नाही, त्याच्याकडे बघायचं.

*

भूगोलाच्या सरांच्या डाव्या भुवईत मधोमध पांढऱ्या केसांची उभी रेघ आहे. जन्मापासूनची. शाळेतली मुलं तिला शून्य रेखावृत्त म्हणायची.

*

खेळाडू: डावऱ्या.
काय पाहिले: त्रेसष्टाव्या मिनिटाचा गोल.
कुठून पाहिले: मैदानातून.

*

हा पहिला अर्ज. तो परत आला, कडेला लाल पेनाने लिहिलेलं: "मैदानातून म्हणजे? आपण खेळत होतात का?" दुसऱ्या अर्जात त्यांनी "कठड्याजवळून, सहा हातांवरून" असं लिहिलं. तोही परत आला: "तोंड कुठे होते ते स्पष्ट करावे." तिसरा अर्ज आज त्यांच्या खिशात होता, चार घड्या घातलेला, आणि त्यात शेवटच्या दोन रकान्यांत काहीच लिहिलेलं नव्हतं.

चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक लांबट खोली होती. दर रविवारी दुपारी तिथे फुटबॉलवेडी माणसं जमायची. मंडळाला चाळीस वर्षं झाली म्हणून भिंतीवर एक हिरवा फळा चढवला होता. वर ठळक अक्षरांत "आम्ही पाहिलेले". खाली प्रत्येक सभासदाचं नाव, त्याने पाहिलेला सर्वांत मोठा खेळाडू आणि त्या खेळाडूचा एक क्षण. नियम सरांचा होता, कारण मंडळ सरांनी काढलेलं आणि चिटणीसही तेच. नियम असा की मैदानावर जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. टीव्हीवर पाहिलेलं चालणार नाही. टीव्हीवर काय, सर म्हणायचे, मांजरही बघतं.

फळ्यावर चौतीस ओळी मावत होत्या. तेहतीस भरल्या होत्या.

चौतिसाव्या ओळीसाठी अर्ज करणाऱ्या या गृहस्थांना सगळे पाठमोरे म्हणायचे. नवीन आलेल्यांना ते आडनावच वाटायचं. नाव त्यांनीच स्वतःवर ओढवून घेतलं होतं, चौदा वर्षांपूर्वी, मंडळात आले त्या पहिल्याच रविवारी. काय काम करायचात, असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, सव्वीस वर्षं स्टेडियमवर रखवालदार होतो, नारिंगी जाकीट घालून कठड्यावरची ड्यूटी. मग तर मजा, सगळे सामने फुकट, असं दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा त्यांनी उभं राहून दाखवलं होतं: कठडा इथे, मैदान मागे, आपलं तोंड गॅलरीकडे. दरवाजे उघडल्यापासून शेवटचा माणूस बाहेर जाईपर्यंत. खोली हसून हसून लोळली होती. तेही हसले होते. चारशे सामने, सगळे पाठीने पाहिले, असं तेव्हा त्यांनीच म्हटलं होतं. ते वाक्य आता नियम होऊन त्यांच्या समोर उभं होतं.

"पुढचं?" रंगाऱ्याने पुन्हा विचारलं.

सरांनी तिसरा अर्ज हातात घेतला, उलगडला, मागून-पुढून पाहिला.

"रिकामा आहे, पाठमोरे."

"हो सर."

"रिकामा अर्ज मंजूर कसा करू?"

पाठमोरे खुर्चीच्या पाठीवर बोट घासत राहिले. तिथला रंग उडाला होता, तो त्यांनी आणखी उडवला.

वायरमन सरसावला. तो खांबांवर चढून आयुष्य काढलेला माणूस, कुणाची अडचण बघवत नसे. त्याचं म्हणणं सोपं होतं. माणूसच आहे, मान वळतेच. एवढा गोल झाला, गॅलरी कोसळायची वेळ आली, तर एकदा, अर्धा क्षण, वळून बघितलंच असेल. काकांनी तेवढं सांगावं आणि विषय संपवावा. डॉक्टरीणबाईंनीही मान हलवली. त्या म्हणाल्या, मी भूल देते तेव्हाही पेशंट बघतोच की चोरून.

घरून निघताना मुलगीही हेच म्हणाली होती. स्कूटर सुरू करता करता, हेल्मेटच्या आतून. सांगून टाका ना बाबा वळलो म्हणून, तीस वर्षांनी कोण तपासायला येणार आहे? आता ती खाली स्कूटरवर बसून होती, कारण दोन वेळा रागावून उतरलेल्या बापाला तिने पाहिलं होतं आणि तिसऱ्यांदा ते जिन्यावर घसरतील अशी तिला धास्ती होती.

"नाही वळलो," पाठमोरे म्हणाले.

"अहो काका, म्हणा फक्त," वायरमन म्हणाला.

"वळलो असतो तर तुला आधीच सांगितलं असतं. वळायचं नाही हेच तर काम होतं."

वायरमनने हात वर केले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. रंगाऱ्याने डब्यावर झाकण ठेवलं, मग पुन्हा काढलं.

सर चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते वर्गात ढ मुलाला समजावतात तसं समजावू लागले. हा फळा पुढच्या पिढीसाठी आहे. उद्या कुणी विचारलं की चौतिसाव्या ओळीतल्या माणसाने काय पाहिलं, तर ठामपणे सांगता आलं पाहिजे. त्यांनी नकाशाची जुनी छडी उचलली आणि फळ्यावरच्या पहिल्या ओळीवर टेकवली. ती ओळ त्यांची स्वतःची होती. डावऱ्या, त्रेसष्टाव्या मिनिटाचा गोल. मग त्यांनी तो गोल पुन्हा सांगितला, गेली चौदा वर्षं सांगत आले तसा. चेंडू मध्यरेषेच्या अलीकडून उचलला. एकाला आतून, दुसऱ्याला बाहेरून. गोलरक्षक डाव्या पायाची वाट बघत राहिला आणि डावऱ्याने उजव्याने मारला. छडी हवेत वळणं घेत होती. सर म्हणाले, शेजारी वडील होते माझे. त्यांनी माझा हात धरला होता.

पाठमोऱ्यांनी आजवर हा गोल शंभर वेळा ऐकला होता. ऐकताना ते नेहमी सरांच्या भुवईकडे बघायचे.

"आता तुम्ही सांगा," सर म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी नेमकं पाहिलंत काय?"

हा प्रश्न खरं तर कुणी कधी विचारला नव्हता. मैदान पाहिलं नाही, म्हणजे काहीच पाहिलं नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पाठमोऱ्यांनीही.

त्यांनी खुर्ची सोडली. खोलीच्या त्या टोकाला गेले, फळ्याकडे पाठ करून उभे राहिले, पाय जरा फाकवून, हात मागे. समोर तेरा-चौदा माणसं, त्यांच्याकडे बघणारी.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी आवाज येतो, म्हणाले. मागून बुटांचा आवाज, एकाच माणसाचा, अगदी जवळून गेलेला, आणि त्याचा श्वास. तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातातला थर्मास कलता झाला. चहा तिच्या गुडघ्यावर सांडत होता आणि तिला कळत नव्हतं. तिसऱ्या रांगेत दोन भाऊ, सबंध पहिला हाफ भांडलेले. एकाने दुसऱ्याची कॉलर धरली, ती मारायला नव्हे. चौथ्या रांगेतला एक जाडा माणूस उठता उठता थांबला, गुडघे अर्धे वाकलेले, तोंड उघडं. तोंडं डावीकडून उजवीकडे वळली, मग थांबली. कुणी श्वास घेत नव्हतं. मग चेंडू जाळ्यात गेला. तो त्यांना थर्मासवाल्या बाईच्या डोळ्यांत दिसला.

वायरमन खिडकीपाशीच अर्धा वळून राहिला होता.

"आणि सगळे उठले," पाठमोरे म्हणाले. "आम्हाला शिकवलेलं असतं, सगळे उठले की जो उठत नाही त्याच्याकडे बघायचं. चक्कर आलेली असते, छातीत दुखत असतं. म्हणून मी बघितलं. पाचवी रांग. सहावी. सातवी..."

ते थांबले.

सातव्या रांगेत एक म्हातारा गृहस्थ उभा होता आणि भलतीकडे बघत होता, गोलाच्या उलट दिशेला. पापण्या आवळून तो विचारत होता, काय झालं, काय झालं रे? त्याच्या पायांशी एक तरुण गुडघ्यांवर बसलेला. खुर्च्यांखाली हात घालून चाचपडत होता. पाठमोरे तीन पायऱ्या चढून गेले होते. तरुणाने मान वर केली होती. चष्मा, बाबांचा चष्मा पडलाय, तो म्हणाला होता, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता. डाव्या भुवईत मधोमध पांढरी रेघ.

समोर सर बसले होते. छडी गुडघ्यांवर आडवी. एक हात हळूहळू कपाळाकडे गेला आणि भुवईवर स्थिरावला, जणू डोकं दुखत होतं.

"सातवी रांग?" सर म्हणाले.

"हो."

"काय होतं सातव्या रांगेत?"

पाठमोऱ्यांनी हात मागेच घट्ट धरले. सव्वीस वर्षांत मान वळवली नव्हती. या खोलीत आल्यावरही एक शब्द वाढवून सांगितला नव्हता. अजूनही पाहिलेलं नुसतं म्हणायचं होतं, आणि फळ्यावर एक नाही, दोन ओळींची जागा झाली असती: शेवटची आणि सरांची पहिली.

"काही नाही, सर. सगळे उठले होते."

"सगळे?"

"सगळे."

डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं. वायरमन म्हणाला की हे लिहून घ्या, हाच क्षण लिहा, थर्मासवाली बाई लिहा. दोघा-तिघांनी दुजोरा दिला. मग नेहमीचं सुरू झालं. नियमात बसतं की नाही, बाई खेळाडू आहे का, थर्मासला कुठल्या रकान्यात घालायचं. पाठमोऱ्यांनी काही वेळ ते ऐकलं, आणि मग पुढे झाले. रिकामा अर्ज टेबलावरून उचलला. पुन्हा चार घड्या घातल्या. एवढं बोलूनही तो रिकामाच होता.

ते दारापाशी पोचले तेव्हा मागे सरांचा आवाज आला. पण तो त्यांच्यासाठी नव्हता.

"पहिली ओळ वाळली का हो?"

"ती कधीच," रंगारी म्हणाला. "परवाच वाळली. आता पुसता यायची नाही, खरवडावी लागेल."

जिना उतरताना पाठमोऱ्यांनी कठडा धरला नाही. मुलीने हेल्मेट पुढे केलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तिच्याने राहवलं नाही.

"वळलात का शेवटी?"

"नाही," ते म्हणाले. हेल्मेटचा पट्टा त्यांना काही केल्या लागेना. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो जोरात ओढला आणि हनुवटीची कातडी चिमटली. "चल तू. गाडी काढ."

गोल त्रेसष्टाव्या मिनिटाला झाला. चष्मा सत्तराव्या मिनिटाला सापडला, सहाव्या रांगेत, शाबूत.