चार तुकड्यांची चटई

ताडासन

पाय जुळवा. हात वर. टाचा उचला, आणि श्वास आत

"वहिनी, गीझर कुणी बंद केला गं?"

सोडा.

पुन्हा ताडासन

वहिनीच्या घरी पाहुणे आलेत: तिची नणंद बेबी, बेबीचा नवरा आणि त्यांची दोन मुलं. सुट्ट्या लागल्या की येतात. वहिनी स्वतः पार्सल कंपनीत तक्रारींचे फोन घेते. या दिवसांत सगळ्या गावाला भेटवस्तू वेळेवर पोचवायच्या असतात, आणि नाही पोचल्या की खापर तिच्या कानात फुटतं. दिवसभर "गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणायचं आणि घरी येऊन सात माणसांचं रांधायचं.

मागच्या सुट्टीत भर जेवणात ती म्हणाली होती, "ही काय धर्मशाळा आहे?"

बेबीने हात धुतला आणि बॅग भरली. त्यानंतर वर्षभर तिचा फोन आला तो फक्त सासूबाईंना. यंदा बेबी आली, तीही आईने गळ घातली म्हणून. आता जीभ पुन्हा घसरली तर ही ये-जा कायमची बंद. सगळ्यांना हे माहीत आहे. सगळे काचेच्या दुकानात फिरल्यासारखे बोलतात.

म्हणून तिने ठरवलंय. रोज सकाळी अर्धा तास योग. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवलाय. आभाळ कोसळलं तरी अर्धा तास.

आभाळ कोसळत नाही. गीझर बंद होतो.

मार्जारासन

हात आणि गुडघे टेकवा. पाठ वर, मान खाली. भाचा पाठीवर.

भाच्याला उतरवा. पाठ वर,

"मामी, मी पण मांजर!"

"मांजरं बोलत नाहीत."

"म्याऊ तर करतात!"

पाठ खाली.

यात आसन नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटामागे तिची योगाची रबरी चटई नव्हती. पलंगाखाली नव्हती, मुलांच्या अंथरुणातही नव्हती.

"काय शोधताय?" बेबीच्या नवऱ्याने विचारलं. हातात स्क्रू ड्रायव्हर. हा माणूस सासुरवाडीला आला की काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही.

"माझी चटई, भावोजी. निळी."

"ती होय!" त्यांचा चेहरा उजळला. "या, दाखवतो."

मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन. एवढ्या माणसांच्या कपड्यांनी ते काल थयथयाट करत दारापर्यंत आलं होतं. आता त्याच्या चार पायांखाली चार निळे चौकोन होते, अगदी नीट कापलेले.

"रबर चांगलं आहे हो. आता जागचं हलणार नाही. जुनीच होती ना?"

श्वास आत.

ते वाक्य आलं. मागच्या वर्षीचं, जसंच्या तसं, जिभेच्या टोकावर. मागे बेबी येऊन उभी राहिली होती, टॉवेल छातीशी धरून. सासूबाई दारात.

श्वास बाहेर. लांब. अजून लांब. ज्या ग्राहकाला कुत्र्याने चावलेला खोका पोचला होता, त्याच्या फोनवरही तिने एवढा लांब श्वास सोडला नव्हता.

"जुनी नव्हती, भावोजी. पण काम छान केलंत. मशीन तसंच राहू द्या."

"मग तुमचा योग?"

"तो होणार."

ती बैठकीच्या खोलीत गेली. जमिनीवर भावोजींचं अंथरूण अजून पसरलेलंच होतं. तिने त्यांची गोधडी ओढली, दुहेरी घडी घातली आणि खोलीच्या मधोमध अंथरली.

"ऐका. सकाळचा अर्धा तास ही जागा माझी. चहा ज्याचा त्याने करायचा. गीझरचं बटण दाराच्या डावीकडे आहे."

बेबीचे डोळे बारीक झाले. "वहिनी, तू रागावून बोलतेयस?"

"नाही गं. रागावले असते तर तुला कळलं असतं. अनुभव आहे तुला."

बेबी फिस्सकन हसली. आधी नाकातून, मग तोंडावर टॉवेल दाबून.

शवासन

पाठीवर झोपा. हात बाजूला, तळवे वर.

शेजारी काहीतरी धप्पकन पडलं. बेबी.

"इथे पडू का?"

"पड. बोलायचं नाही."

"मला नुसतं पडायचंय. मुलं सकाळपासून..."

"बेबी."

"बरं."

पायांची बोटं सैल सोडा. पोटऱ्या सैल.

स्वयंपाकघरात सासूबाई कुरकुरत होत्या. "सुनेला झोप, लेकीला झोप, आणि म्हातारीला चहा!" दुधाचं पातेलं आपटलं. गॅस पेटला. मग बाल्कनीत जावयाचं मशीन बघायला गेल्या बहुतेक, कारण तिथून कौतुक ऐकू येऊ लागलं.

कपाळ सैल. जीभ सैल. जीभ मुख्य.

दुधाचा आवाज तिला सगळ्यात आधी कळला. तो सरसर वर येणारा. तिचा खांदा उचलला गेला. तिने तो परत टेकवला.

"वहिनी, दूध," बेबी कुजबुजली.

"ऐकलं."

"उतू जाईल."

"जाईल."

"उठू?"

"घरात आणखी तीन मोठी माणसं आहेत."

फस्स. जळक्या सायीचा वास खोलीभर. बेबीने तिचं मनगट घट्ट धरलं, जणू दोघी उंचावरून खाली बघत होत्या. बाल्कनीतून भावोजींची पावलं धावली, आतून तिच्या नवऱ्याची, मागून सासूबाईंची. "अरे बंद कर, बंद कर! फडकं कुठाय?"

ओट्याखाली, उजवीकडे. तिला माहीत होतं. तिने सांगितलं नाही.

श्वास आत