घसा मोकळा

कॅझ व्रोबेल यांच्या गॅरेजमध्ये केक भाजायचे सात साचे होते आणि त्यांतल्या एकातही कधी केक भाजला गेला नव्हता. बायकोनं हौसेनं आणलेला साचा महिन्याभरात स्वयंपाकघरातून नाहीसा व्हायचा आणि गॅरेजच्या फळीवर सापडायचा. प्रत्येक खळग्यात बोल्ट नाहीतर वायसर, आणि खळग्यापुढे चिकटपट्टीवर ठसठशीत अक्षरं: उजवं दार, वरची बिजागरी. मागचा बंपर, डावीकडून दुसरा. बोल्टांची गल्लत झालेली त्यांना खपत नसे. "तो ज्या भोकातून निघाला त्याच भोकात गेला पाहिजे," ते मुलांना सांगत. "त्याला तिथली सवय झालेली असते."

गाडी होती अडुसष्ट सालची, गर्द हिरवी जीटीओ. म्हणजे मुळात हिरवी. एका शेतातल्या गोठ्यामागून ओढून घरी आणली तेव्हा ती गंजाच्याच रंगाची होती आणि मागच्या सीटमध्ये उंदरांच्या कितव्या तरी पिढीचं बिऱ्हाड होतं. पॉन्टिॲक गावातल्या ज्या कारखान्यात ती बनली, तिथंच कॅझ एकतीस वर्षं उभे होते. "मी हिला ओळखलं नाही," ते म्हणाले होते, "पण हिनं मला ओळखलं."

सहा वर्षं घरानं मिळून तिच्यावर काम केलं. धाकट्या डॅरिलनं तळाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला. आईनं, बर्निसनं, सीटांची कव्हरं शिवली, मूळच्या कव्हराचे टाके मोजून. थोरली वांडा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला. तिच्या हातात पाना टिकत नसे. तिला वडिलांनी वाचायला बसवलं. शनिवारी ते गाडीखाली सरकत, बाहेर नुसते बूट दिसत, आणि वांडा पालथ्या बादलीवर बसून दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवी. तिनं आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं, पण इतकं मन लावून ऐकणारा माणूस तिला दुसरा भेटला नव्हता. "पुन्हा वाच," बूट म्हणत. "सावकाश. स्वल्पविराम खाऊ नकोस." फक्त एक पान ते कधी वाचू देत नसत. प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्युटर कसा बसवायचा त्याचं. "ते मला ठाऊक आहे. उलट पान."

मग त्यांची आठवण सुटत गेली. दूध हत्यारांच्या कप्प्यात सापडलं. वांडाला ते त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागले. त्याच हिवाळ्यात त्यांनी गाडीचं इंजिन जुळवलं. एकट्यानं. कुणी मदतीला गेलं की हात थांबवून शांत उभे राहत. मदत करणाराच ओशाळून घरात परते. मार्चमध्ये ते गेले. इंजिन गाडीत बसलेलं होतं, पण सुरू व्हायचं राहिलं होतं.

अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात फळीवर वांडाला एक छोटी पिशवी मिळाली. आत तीन बोल्ट. चिकटपट्टीवर लिहिलं होतं: माहीत नाही. अक्षर तेच, ठसठशीत. वांडानं ती कोटाच्या खिशात घातली आणि कुणाला सांगितलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी डॅरिल आला, गाडीत बसला आणि किल्लीला हात लावण्याआधी म्हणाला, "हे बघ ताई, आज झाली तर झाली. नाहीतर सोमवारी इंजिन बाहेर काढून माझ्या ओळखीच्या माणसाकडे नेणार. पूर्ण उघडणार."

"पूर्ण म्हणजे?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण. आत त्यांनी काय करून ठेवलंय कुणाला ठाऊक? आपला बाप त्या महिन्यात दूध कुठं ठेवत होता, विसरलीस?"

वांडा विसरली नव्हती. पण त्या इंजिनात वडिलांच्या हातांनी आवळलेला एकेक बोल्ट होता. दुसऱ्या कुणी पाना लावला की ते काम त्यांचं राहणार नव्हतं. आणि उघडून खरंच आत गोंधळ निघाला तर? तोच मग त्यांचा शेवटचा शब्द ठरणार होता.

"लाव किल्ली," ती म्हणाली. आग विझवायचा लाल डबा हातात धरून ती उघड्या बॉनेटपाशी उभी राहिली.

इंजिन गरगरलं, पण पेटलं नाही. डॅरिलनं पुन्हा किल्ली फिरवली. एकाएकी कार्ब्युरेटरच्या तोंडातून ठप्प करून आवाज आला, वीतभर ज्वाळ वर उठली आणि विझली. वांडाच्या भुवयांचा करपट वास तिलाच आला.

"थांब!"

"थांबलोय!" डॅरिल खाली उतरला. "लागलं का? दाखव. नाही? बरं. बघितलंस? झडपांचं गणित चुकलंय. ज्या वेळी झडप बंद पाहिजे त्या वेळी ती उघडी आहे. हे बाहेरून सुटायचं नाही."

"ठिणगीचं काही असेल."

"मी काल तपासलंय. पुलीवरची रेघ शून्यावर, डिस्ट्रिब्युटरचं तोंड एक नंबरच्या तारेकडे. बरोबर आहे सगळं. पुस्तक वाचणं वेगळं, वांडा." हे बोलून त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. तो खाली बघून हात पुसू लागला. "मलाही उघडायचं नाहीये गं. पण हे असं अर्धवट..."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं. आई दारात आली, हातात अर्धा सोललेला बटाटा तसाच. नवरा गेल्यापासून तिनं गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आज ती पायऱ्या उतरली आणि बघतात तर ती हसत होती. गालातल्या गालात नाही. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मा? काय झालं?"

"खोकली ना? आतपर्यंत ऐकू आलं मला."

"खोकली नाही मा, आग ओकली," डॅरिल म्हणाला. "तुझ्या लेकीच्या भुवया गेल्या."

"बरोबर आहे. माझ्या बाहत्तर साली गेल्या होत्या." आईनं बटाटा चाकावरच्या पत्र्यावर, फेंडरवर ठेवला, मग तो नवऱ्यानं रंगवलाय ते आठवून पुन्हा उचलला आणि वांडाच्या हातात दिला. "बाहत्तर साली त्याची निळी गाडी. नंतर माझ्या भावाचा ट्रक. मग ती तुझ्या काकाची बोट. कॅझनं जुळवलेलं एकही इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालेलं मी पाहिलं नाही. दर वेळी डिस्ट्रिब्युटर उलटा. अर्धा फेरा चुकलेला."

"पण रेघ शून्यावर आहे, मा!"

"हे बघा. अगदी बाप बोलला." तिनं डॅरिलच्या दंडावर चापट मारली. "अरे, रेघ दोनदा येते. एकदा दट्ट्या हवा दाबून वर येतो तेव्हा, आणि एकदा धूर बाहेर ढकलून वर येतो तेव्हा. तो दर वेळी रेघ बघायचा आणि ठोकून द्यायचा. पन्नास वर्षं सांगितलं, बोट लावून बघ. नाही! मी सांगितलं की म्हणायचा, 'बर्निस, मी मुद्दाम करतो. आधी एकदा खोकू द्यावं. घसा मोकळा होतो.'"

वांडाला बादली आठवली, बूट आठवले. ते मला ठाऊक आहे. उलट पान.

"पहिला प्लग काढ," आई म्हणाली.

डॅरिलनं मुकाट्यानं प्लग काढला. आईनं एप्रनला हात पुसला, वाकली, आणि प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला, दाराची बेल दाबावी तसा. डॅरिल पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हातानं फिरवू लागला. रेघ शून्यावर आली. आईनं मान हलवली. "काहीच नाही. फिरव." तो फिरवत राहिला. रेघ पूर्ण फेरा घेऊन पुन्हा शून्याकडे येऊ लागली आणि आईचा अंगठा फुस्स करून उडाला.

"ही," ती म्हणाली. "ही खरी."

डिस्ट्रिब्युटर उचलून अर्धा फेरा वळवून बसवायला दहा मिनिटं पुरली. डॅरिल काम करताना मध्येच थांबला. "म्हणजे हे... डोकं गेलं म्हणून नव्हतं."

"डोकं गेलं असतं तर त्यानं बरोबर बसवला असता," आई म्हणाली.

या वेळी किल्ली आईनं फिरवली. तीच म्हणाली मी बसते, कव्हरं माझी आहेत. इंजिन एकदा गरगरलं, दुसऱ्यांदा पेटलं, आणि गॅरेजच्या फळीवरचे सातही साचे थडथडू लागले. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला आणि जिथं थांबावा तिथंच थांबला. नव्या इंजिनाला पहिली वीस मिनिटं जोरात चालवावं लागतं, वांडानं ते पान वाचलेलं होतं. आई समोर बघत, पाय ॲक्सिलरेटरवर न हलवता, वीस मिनिटं बसून राहिली. डॅरिल कान देऊन गाडीभोवती फिरला, वाकला, हात लावून बघितला. कुठं गळत नव्हतं. कुठं खडखड नव्हती. आतल्या दीडदोनशे जागा त्या माणसानं, ज्याला मुलीचं नाव आठवत नव्हतं, एकही न चुकता आवळल्या होत्या. चुकला होता तो फक्त जिथं नेहमी चुके तिथं.

इंजिन बंद झाल्यावर कानांत बराच वेळ गुणगुण राहिली. वांडा आत जाऊन कोट घेऊन आली आणि तिनं ती पिशवी डॅरिलला दिली.

त्यानं चिकटपट्टी वाचली. एकेक बोल्ट तळहातावर घेऊन आटे बघितले, लांबी बघितली, इंजिनकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"कुठले आहेत?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," डॅरिल म्हणाला.

आईनं खिडकीतून हात बाहेर काढला. डॅरिलनं पिशवी तिच्या हातावर ठेवली. तिनं न वाचताच समोरचा कप्पा उघडला, पिशवी आत टाकली आणि तो बंद केला.

"कुणीतरी गॅरेजचं दार उघडा," ती म्हणाली. "मला कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचंय. आणि वांडा, तो बटाटा काळा पडतोय."